खुर्ची आणि रुमाल

एप्रिलातल्या एका रविवारी मी रात्रभर जागतो. मास्टर्स या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस असतो. तिकडे अमेरिकेतल्या जॉर्जियात, ऑगस्टाला संध्याकाळ कलत असते, इकडे पुण्यात पहाटेचे चार वाजलेले. गोल्फची काठी मी जन्मात धरलेली नाही. मी बघतो ती दोरीपलीकडची माणसं.

सकाळी फाटक उघडलं की ही मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन ग्रीनकडे, म्हणजे होलाभोवतीच्या हिरवळीकडे, निघतात. पळायला बंदी, म्हणून सगळे चालतात. पण काय ते चालणं! दादरचा जिना उतरणाऱ्यानं हात जोडावेत. खुर्ची मांडायची आणि खुशाल दिवसभर भटकायचं. परत यावं तर ती जागच्या जागी. मध्ये कुणी टेकलं असेल तर मालक दिसताच निमूट उठतो. आम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे. एका रुमालावरून तालुक्यापर्यंत भांडत गेलेलो. मला ती रिकामी खुर्ची परीकथेतलीच वाटते.

मोबाइल आत नेता येत नाही. घरी बोलायचंच असेल तर मैदानावर फुकटचे टेलिफोन आहेत. त्यामुळे टाळ्यांना दोन्ही हात मोकळे.

पण टाळी कधी वाजवायची? या स्पर्धेचे एक संस्थापक बॉबी जोन्स यांनी १९६७ साली प्रेक्षकांसाठी चार ओळी लिहिल्या. खेळाडूचा फटका फसला, नशीब फिरलं, की त्यावर टाळ्या पिटणं हे त्यांना सगळ्यात क्लेशकारक वाटे. इथे माझी पंचाईत होते. वानखेडेवर समोरच्यानं झेल सोडला की मी शिट्टी घालत आलोय.

गोल्फमध्ये माझ्यासारख्यांची सोय आहे म्हणा. ॲरिझोनात, फिनिक्स ओपन या स्पर्धेच्या सोळाव्या होलला चहूबाजूंनी स्टँड आहेत. चेंडू ग्रीनवर थांबला नाही की हुर्यो ठरलेली. २०२२ मध्ये सॅम रायडरनं तिथे एका फटक्यात चेंडू होलात घातला, तर आनंदाच्या भरात बिअरच्या कॅनचा पाऊस पडला. आधी झाडलोट, मग खेळ. मला तेही आवडतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या खेपेला मला न आवडणारा एक गडी पुढे होता. त्यानं जेमतेम चार फुटांवरून चेंडू होलाकडे हलकेच ढकलला. चेंडू होलाच्या कडेला फिरून बाहेर आला. तिकडे हजारो माणसं ‘अरेरे’ करून हळहळली. इकडे माझ्या तोंडून ‘येस्स!’ निसटलं.

आतून बायकोचा झोपाळू आवाज आला, “कोण चुकलं रे?”