सेलबर्न : खडूच्या डोंगराखालचं गाव

ऑल्टन स्टेशनाबाहेर बसची वाट बघताना आईने विचारलं, "त्या गावात नेमकं बघायचं काय आहे?"

मी म्हटलं, "एक रान, एक चर्च आणि एका माणसाचं घर."

"म्हणजे आपल्या गावासारखंच की," ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली. आमचं गाव भोर तालुक्यात आहे. तिथे देवराई आहे, भैरोबाचं देऊळ आहे आणि आजोबांचा पडका वाडा आहे. आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे दिवस संपेपर्यंत मला कळत गेलं.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ऑल्टनला यायला साधारण सव्वा तास लागतो. तिथून सेलबर्न साडेसहा किलोमीटर. हॅम्पशायर परगण्यातलं हे छोटंसं गाव, एक मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी घरं. बसमधून उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो गावाच्या मागे भिंतीसारखा उभा असलेला हिरवा डोंगर. मे महिन्याचा दुसरा शनिवार होता, आणि त्या डोंगरावरचं प्रत्येक झाड कोवळ्या पालवीने भरलेलं होतं. आई रस्त्यातच थांबली. "चैत्र इथे मे महिन्यात येतो वाटतं," म्हणाली.

या गावात 1720 साली गिल्बर्ट व्हाइट जन्मला आणि 1793 साली इथेच वारला. पेशाने तो सहायक धर्मगुरू. मधली ऑक्सफर्डची आणि इकडच्या तिकडच्या नेमणुकांची वर्षं सोडली, तर त्याचं आयुष्य याच गावात गेलं. त्या काळात निसर्गाचा अभ्यास म्हणजे बहुतेक वेळा मेलेला प्राणी टेबलावर ठेवून त्याचं वर्णन करणं. व्हाइट मात्र जिवंत पाखरांच्या मागे हिंडायचा. पाखरू काय खातं, कसं ओरडतं, घरटं कुठे बांधतं, कोणत्या तारखेला येतं आणि कोणत्या तारखेला जातं, ते लिहून ठेवायचा. 1768 पासून त्याने रोजची नोंदवही ठेवली. तिच्यात तापमान, वारा, पाऊस, फुलं, पक्षी असे छापील रकाने होते. मरेपर्यंत, म्हणजे 25 वर्षं, तो ते भरत राहिला. दोन अभ्यासक मित्रांना लिहिलेल्या पत्रांमधून 1789 मध्ये त्याचं सेलबर्नच्या निसर्गाविषयीचं पुस्तक निघालं आणि हे एवढंसं गाव जगभरच्या निसर्गप्रेमींना माहीत झालं. मी गेली काही वर्षं ते पुस्तक उशाशी ठेवते. म्हणून यायचं होतं, आणि आईला घेऊनच यायचं होतं.

आम्ही आधी रानात गेलो, घर नंतर. आईचे गुडघे सकाळी बरे असतात.

या रानाला इथले लोक 'हँगर' म्हणतात. विमानं ठेवतात त्या हँगरशी याचा संबंध नाही. चढ्या उतारावरच्या रानासाठी हा जुना इंग्रजी शब्द आहे. डोंगर सगळा खडूचा. शाळेत फळ्यावर लिहायचो तसाच मऊ, पांढरा, पण एक अख्खा डोंगर भरून. गावापासून साधारण 300 फूट उंच उठलेला. उतार इतका उभा की सरळ चढणं अवघड, म्हणून 1753 मध्ये गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी या डोंगरात एक नागमोडी वाट खोदून घेतली. तिला 'झिगझॅग' म्हणतात. पावणेतीनशे वर्षांनंतर आम्ही त्याच वाटेने वर गेलो. एक वळण, मग उलट वळण, मग पुन्हा उलट. वरंधा घाट पायी चढावा तसं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आणि ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. मी दोनदा हात टेकले, तळवे पांढरे झाले. आई मात्र काठी रोवत, न बोलता, एका लयीत चढत होती. डोंगराची सवय पायातून जात नाही.

झाडं मुख्यतः बीचची. गुळगुळीत, राखाडी बुंधा, हत्तीच्या पायासारखा. वर बघत गेलं तरी फांदी लवकर सापडत नाही. व्हाइटच्या मते रानातल्या सगळ्या झाडांत बीच सर्वांत देखणं. मी एक खालची फांदी वाकवून आईला पान दाखवलं. कोवळं पान इतकं पातळ असतं की मागे धरलेलं बोट दिसतं. त्याच्या कडेला रेशमासारखी बारीक पांढरी लव असते, पापणीच्या केसांसारखी. पान जून झालं की ती झडून जाते, म्हणजे ती बघायला मिळते ती या दोनतीन आठवड्यांतच. आईने पान बोटांत चुरगळलं, वास घेतला, आणि मी सांगायच्या आत तोंडात टाकलं. "आंबट आहे. चिंचेच्या पाल्यासारखं." इथेही लोक बीचची कोवळी पानं खातात, हे मी तिला नंतर सांगितलं.

अजून पंधरवड्याने ही पालवी दाट झाली की खाली जवळजवळ अंधार होतो आणि जमिनीवर फारसं काही उगवत नाही. म्हणून इथल्या रानफुलांची सगळी घाई एप्रिल-मे महिन्यातली. झाडांना पानं यायच्या आधी जे ऊन खाली पोचतं, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा कंदात जाऊन झोपायचं. आम्ही गेलो तेव्हा निळ्या ब्लूबेलचा बहर ओसरत आला होता, तरी उताराच्या एका खळग्यात धूर साठावा तसा निळा रंग साठून राहिला होता. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर रानहळद अशीच घाईने वर येते. आईला तीच आठवली.

रानात बरीच झाडं आडवी पडलेली आहेत. जानेवारी 1990 च्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधली असंख्य झाडं पाडली. पडलेले ओंडके इथे पुष्कळदा तसेच कुजू देतात, कारण भुंगेरे, बुरशी आणि सुतारपक्षी त्यांच्यावरच जगतात. एका ओंडक्यावर बसून आम्ही डब्यातली थालीपीठं खाल्ली. अॅशची झाडं मात्र वेगळ्याच कारणाने चाललीत. बुरशीच्या एका रोगाने (2012 मध्ये तो ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला) देशभरची अॅश वाळताहेत. उतारावर हिरव्या गर्दीत मधेच शेंड्याकडून वाळलेलं एखादं झाड दिसतं, आणि एकदा दिसलं की पुढे सगळीकडे तेवढंच दिसत राहतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

ओंडक्यावर बसलेलो असतानाच वरून आवाज आला. 'चिफ-चॅफ, चिफ-चॅफ.' दोनच स्वर, रहाटाच्या कुरकुरीसारखे. मी आईला गप्प राहायची खूण केली. हा चिफचॅफ, वटवट्यांच्या कुळातला, चिमणीपेक्षा लहान, हिरवट-करडा पक्षी. याच्यासारखे दिसणारे आणखी दोन आहेत, विलो वॉर्बलर आणि वूड वॉर्बलर. हातात धरले तरी पटकन वेगळे ओळखू येऊ नयेत इतके सारखे. त्या काळी या सगळ्यांची सरमिसळ व्हायची. व्हाइटने 1768 मध्ये ठामपणे लिहिलं की हे तीन वेगळे पक्षी आहेत, कारण तिघांचं गाणं वेगळं आहे आणि ते कधीही बदलत नाही. दुर्बीण नाही, ध्वनिमुद्रण नाही. होते ते कान आणि वर्षानुवर्षं त्याच रानात जायची चिकाटी. दिवसभरात मला तिघांपैकी हा एकच ऐकू आला. तेवढ्यानेही माझं पोट भरलं.

शेतातल्या एका इवल्याशा उंदराची ब्रिटनमधली पहिली नीट नोंदही त्याचीच. त्याने दोन उंदीर तराजूत घातले, तर त्यांचं वजन तांब्याच्या एका अर्ध्या पेनीएवढं भरलं. म्हणजे एक उंदीर सुमारे पाच ग्रॅमचा. आईने हे ऐकून तळहात वरखाली केला, वजन करून बघावं तसा.

उतरून आल्यावर डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे. पावसाचं पाणी खडूत मुरतं आणि खाली घट्ट थर लागला की बाहेर पडतं. उन्हाळा असो की पाऊसकाळ, या झऱ्याला फारसा फरक पडत नाही, असं व्हाइटने लिहून ठेवलं आहे. गाव इथेच का वसलं, याचं उत्तर त्या पाण्यात आहे. आई म्हणाली, "वर रान राखलं की खाली पाणी. आपल्या देवराईखालचं टाकं विसरलीस का?" विसरले नव्हते, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या.

गावाजवळच्या एका खोल वाटेनेही थोडं चालून आलो. आपल्याकडे शेतातून जाते ती पाणंद आठवा, फक्त इथे ती जमिनीत खोल उतरलेली. शेकडो वर्षं बैलगाड्या, घोडे आणि पावसाचे लोंढे यांनी इथला मऊ दगड झिजवला. व्हाइटच्या वेळी अशा वाटा काही ठिकाणी 16 ते 18 फूट खोल गेल्या होत्या, आणि काठावरून खाली डोकावताना लोकांना भीती वाटायची. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, त्यांतून लोंबणारी उघडी मुळं, नेचे, आणि डोक्यावर फांद्यांचं छत. तिथला गारवा विहिरीच्या पायऱ्या उतरताना लागतो तसा.

मग चर्च. सेंट मेरीच्या आवारात यू नावाचं एक सदाहरित झाड होतं. व्हाइटने त्याचा घेर मोजला तेव्हा 23 फूट भरला. पुढे दोनशे वर्षांत आणखी तीनेक फूट वाढला. ते हजार वर्षांहून जुनं मानलं जायचं. 1990 च्या त्याच वादळात ते उन्मळून पडलं, आणि मुळांमध्ये अडकलेली जुन्या दफनांची हाडं बाहेर आली. गावाने झाड पुन्हा उभं करून पाहिलं, पण ते जगलं नाही. आता बुंधा तेवढा उभा आहे, आणि त्याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेलं एक छोटं झाड जवळच लावलेलं आहे. आई बुंध्यापाशी गेली, हात लावला आणि तोच हात छातीला लावला. देवराईतली वाळलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, या शिस्तीत ती वाढली. परक्या धर्माचं आवार असलं तरी जुन्या झाडापुढे कसं वागायचं, हे तिला सांगावं लागत नाही.

या आवारात एक वेगळी आठवणही पुरलेली आहे. 1830 मध्ये इथल्या शेतमजुरांनी उठाव केला. मजुरी इतकी कमी होती की पोट भरत नव्हतं. शेतकरी म्हणत, चर्चला द्यावा लागणारा दशांश कमी झाला तर मजुरी वाढवता येईल. मजूर धर्मगुरूच्या दारात गेले, मग गरिबांना कोंडून कामाला लावणाऱ्या वर्कहाउसची त्यांनी मोडतोड केली. त्यातल्या काहींना काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची, शिक्षा झाली. त्या दिवशी शिंग फुंकून गाव गोळा करणारा माणूस याच यूजवळ पुरला आहे असं म्हणतात. चॉकलेटच्या डब्यावर छापावं असं दिसणारं गाव, पण त्याच्या सुबक दारांमागे ही भूकही होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही.

व्हाइटची कबर शोधायला वेळ लागला. गुडघ्याएवढा दगड, त्यावर दोन आद्याक्षरं आणि तारीख, 26 जून 1793. गवत वाढलेलं. आई तिथे थोडा वेळ उभी राहिली.

त्याचं घर, 'द वेक्स', आता संग्रहालय आहे. त्याच इमारतीत दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 मध्ये स्वतःहून हिमवादळात निघून जाऊन प्राण दिलेल्या कॅप्टन ओट्स या ब्रिटिश मोहिमवीराचंही दालन आहे, ते आम्ही भरभर पाहिलं. मला ओढ होती बागेची. आत्याकडून 1780 मध्ये आलेलं टिमोथी नावाचं कासव याच बागेत हिंडायचं. ते हिवाळ्यात कधी जमिनीत गेलं आणि कधी वर आलं, याच्या तारखा व्हाइटने लिहिल्यात. टिमोथी ही मादी होती, हे तिच्या मरणानंतर समजलं. घरासमोर खाटकाचं दुकान होतं. ते रक्त नजरेआड व्हावं म्हणून 1756 मध्ये त्याने चार लाइमची झाडं (लिंबाची नव्हेत, हा एक मोठा सावलीचा वृक्ष) लावली. त्यांतली जुनी खोडं अजून रस्त्याकडेला आहेत.

साडेपाचला बस होती. थांब्यावर बसलो, आणि चर्चच्या बाजूने एकदम कर्कश किंचाळी आली. काळ्या कोयत्यांसारखे पंख, छपरांच्या वरून सुसाट.

"पाकोळ्या!" आई उभीच राहिली. "वाड्याच्या दिंडीदरवाजात असायच्या बघ. तुझे आजोबा घरटी काढू द्यायचे नाहीत."

तिकडच्या पाकोळ्या वेगळ्या जातीच्या, छोट्या. या आफ्रिकेतून येणाऱ्या. पण ओरडणं आणि भिरभिरणं तेच. व्हाइटने त्यांच्या जोड्या वर्षानुवर्षं मोजल्या होत्या. दरवर्षी गावात आठच जोड्या यायच्या, ना कमी ना जास्त. आज ब्रिटनमध्ये त्या धोक्याच्या लाल यादीत आहेत, 2021 पासून. जुन्या घरांच्या छपरांतल्या फटी लोक दुरुस्तीत बुजवतात आणि त्यांना घरटं करायला जागा उरत नाही.

मी आईला आठ जोड्यांचं सांगितलं. ती कपाळावर हात धरून मोजायला लागली. चार. नाही, पाच. चर्चच्या मागून आणखी दोन आल्या. "हलू नकोस, मला चुकायला होतं," ती मला म्हणाली. सात झाल्या तेव्हा वळणावर बस दिसली. तिने हात करून बस थांबवली, ड्रायव्हरकडे बघून हसली, आणि पायरीवर एक पाय ठेवून पुन्हा वर पाहिलं.

"आठ," ती म्हणाली.