पावडर धरूनही 45 ग्रॅम

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या ओपीडीच्या बाकावर विशीतली पोरं दिसायला लागतात. मी जळगावातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. एरवी माझ्यासमोर डायबिटीसवाले, डायलिसिसवाले आणि बाळंतिणी असतात. भरतीच्या हंगामात मात्र अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव भागातली मुलं येतात आणि बहुतेकांचं विचारणं एकच असतं: व्यायामानंतर प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

मार्चअखेरीस आलेल्या त्या मुलाने मात्र काहीच विचारलं नाही. पहाटेच्या ग्राउंडवर 1600 मीटरच्या तिसऱ्या फेरीत तो चक्कर येऊन पडला होता. गावच्या डॉक्टरांनी सलाइन लावून आमच्याकडे पाठवलं. फिजिशियन सरांनी ईसीजी, रक्त, लघवी सगळं बघितलं. साखर कमी आणि दोन महिन्यांत वजन चार किलोने उतरलेलं, बाकी काही सापडलं नाही. केसपेपरवर सरांनी ‘आहार सल्ला’ लिहिलं आणि माय-लेक माझ्या टेबलाशी आले.

मी जेवणाचं विचारायला तोंड उघडलं तोवर आईच बोलली, “मना आंडोर भाकर खात नही व ताई. निस्ती पावडर पेस.” म्हणजे, माझा मुलगा भाकरी खात नाही, नुसती पावडर पितो. आणि पिशवीतून किलोचा डबा काढून तिने टेबलावर ठेवला. डबा तीन हजारांच्या घरातला. कापूस वेचणीचे पैसे साठवले होते, त्यातून घेतलेला. पावडरीने लेकाची किडनी गेली असेल, ही तिची मुख्य भीती. ती मी आधी काढली. निरोगी किडनीला योग्य प्रमाणातल्या प्रोटीनने इजा होते असा पुरावा नाही. किडनीचा आजार असलेल्यांचं गणित वेगळं, आणि ह्याचे रिपोर्ट तर स्वच्छ होते.

मग मुलाकडे वळले. “भाऊ, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात जातं ते सांग. मी रागवणार नाही.”

पहाटे पाचला उपाशीपोटी ग्राउंड. आल्यावर एक स्कूप, म्हणजे डब्यातल्या मापाचा एक चमचा पावडर पाण्यात. त्यावर दुपारपर्यंत काही नाही, कारण ‘लगेच जेवलं की पावडर लागू होत नाही’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. दुपारी एक पोळी आणि भाजी. भाकरी बंद, कारण भाकरीने पोट सुटतं. रात्री दोन पोळ्या, पातळ वरण. हे सगळं कशासाठी? तर छातीसाठी. भरतीत पुरुषांची छाती न फुगवता 79 सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर 5 सेंटिमीटर वाढावी लागते. ह्याची वाढ साडेतीनवर अडली होती. पावडरीने छाती भरते, असं विकणाऱ्याने सांगितलं. फुगवून वाढणारी छाती ही श्वासाची आणि फासळ्यांमधल्या स्नायूंची करामत आहे. ती सरावाने सुधारते, स्कूपने नाही. एवढी साधी गोष्ट त्या पोराला कुणी सांगू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

कागद घेतला आणि त्याच्यासमोरच बेरीज केली. स्कूपचे 24 ग्रॅम, दुपारचे 6, रात्रीचे 15. झाले 45. त्याचं वजन 58 किलो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे साध्या, व्यायाम न करणाऱ्या माणसालाही किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ह्याला 48. पळणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या मुलाला किलोमागे 1.2 ते 1.6, म्हणजे 70 ते 93 ग्रॅम. तीन हजारांचा डबा धरूनही हा मुलगा बसून राहणाऱ्या माणसाइतकंसुद्धा प्रोटीन खात नव्हता.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. पळायला लागतं ते इंधन, आणि ते येतं भाकरी, भात, पोळी, केळ्यातून. तेच बंद केलं की शरीर आलेलं प्रोटीन स्नायू बांधायला वापरायचं सोडून जाळायला घेतं. चुलीत लाकूड नाही म्हणून घराचे वासे घालावेत, तसं. चार किलो वजन उतरलं त्यात चरबी किती असणार? त्या पोराच्या अंगावर चरबी नव्हतीच.

डब्यावर ठळक अक्षरात ‘इम्पोर्टेड’ होतं, पण एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक कुठेच नव्हता. बिलही नव्हतं. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा नायट्रोजन मोजून काढतात. अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनचे सुटे घटक, त्यांतही नायट्रोजन असतो. त्यामुळे स्वस्त अमिनो ॲसिड मिसळून आकडा फुगवता येतो आणि खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आत काय होतं ते मी डोळ्यांनी सांगू शकत नाही. मी धरलेले 24 ग्रॅमही लेबलवरचेच होते. बाजारात चांगले डबेही आहेत. पण असा डबा मी कुणालाही घेऊ देणार नाही.

आईला विचारलं, “मावशी, घरी भाकरी कशाची करता?” तिने पिशवीतून फडक्यात बांधलेली शिदोरी काढली. कळण्याची भाकरी, जाड, काळसर, वर उडदाच्या सालीचे ठिपके, मध्ये तेल सोडलेला मिरचीचा ठेचा. दवाखान्यात उशीर होईल म्हणून तिने स्वतःसाठी आणली होती. मी एक भाकरी मागून घेतली आणि टेबलावरच्या वजनकाट्यावर ठेवली. दीडशे ग्रॅमच्या वर भरली. म्हणजे पीठ शंभराच्या आसपास. त्यांच्याकडे दोन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद दळतात. ज्वारीत शंभराला साधारण 10 ग्रॅम प्रोटीन, उडदात 22. भाकरीत आले 14. अशा दोन भाकरी म्हणजे 28.

मुलगा काट्याकडे बघतच राहिला. “ताई, भाकरीत प्रोटीन असतं?”

असतं, आणि ते चांगलं असतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो ॲसिड कमी, ते उडीद भरून काढतो. उडदात मेथिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड कमी, ते ज्वारी देते. वरून मूठभर शेंगदाणे, 50 ग्रॅम धरले तर आणखी 12. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली पावडर, लवकर पचतं, त्यात स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसिन हे अमिनो ॲसिड जास्त असतं, हे खरंच आहे आणि मी ते त्याला सांगितलं. पण व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम अर्ध्या तासात आटपत नाही, ते दिवसभर चालू असतं. ग्राउंडवरून आल्यावर तासा-दोन तासांत नीट जेवलं तरी चालतं. 2018 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये 49 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात वजनांचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिवसाचं प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास गेलं की त्यापुढे स्नायू वाढण्यात फारसा फरक दिसला नाही. ते प्रोटीन पावडरीतून आलं की ताटातून, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग आम्ही तिघांनी मिळून दिवस मांडला. ग्राउंडआधी एक-दोन केळी आणि पाणी. केळ्यात प्रोटीन जेमतेम, पण पळायला तेच उपयोगी. आल्यावर कळण्याच्या दोन भाकरी, शेंगदाणे. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि घट्ट डाळ. संध्याकाळी पेलाभर दूध. रात्री दोन अंडी, दोन पोळ्या. बेरीज नव्वदीच्या घरात गेली. आईने फक्त अंड्यांचा हिशेब विचारला, बाकी सगळं घरचंच होतं. शेंगदाणे दीडशे रुपये किलोच्या आसपास धरले तर ग्रॅममागे प्रोटीन त्या डब्याच्या कितीतरी स्वस्त पडतं, हे तिला माझ्याआधी कळलं.

त्याच्या ट्रेनरना मी तिथूनच फोन लावला. भला माणूस. पोरं उपाशी पळतात हे त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी ग्राउंडवर या, असं त्यांनीच बोलावलं आणि मी गेले. मुलामुलींचा घोळका बसला, प्रत्येकाकडून आदल्या दिवसाचं जेवण लिहून घेतलं. बहुतेकांना पावडरीची गरज नव्हती, न्याहारीची होती. उन्हाच्या दिवसांत पाणी आणि मीठ-साखरेचं पेय ही दुसरी गरज. आपल्याकडे पारा 43-44 ला जातो तेव्हा ग्राउंड उरकायला सात वाजू देऊ नयेत, हेही बोलणं झालं. आमचा मुलगा पहिल्या रांगेत होता आणि वजन दीड किलो परत आलं होतं.

एका मुलीला मात्र मी पावडर लिहून दिली. ती जळगावात हॉस्टेलवर राहते, 800 मीटर पळते, अंडी-मटण खात नाही, दुधाने पोट बिघडतं, आणि मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी. खोलीत शेगडी लावायला परवानगी नाही. तिच्या दिवसात वीस-पंचवीस ग्रॅम कमी पडत होते आणि ते भरायला सोपा दुसरा रस्ता नव्हता. शेंगदाणे, फुटाणे ती आधीच खात होती. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर कमी असलेलं आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेली व्हे पावडर, परवाना क्रमांक तपासून, पक्कं बिल घेऊन, रोज एकच स्कूप.

“पाण्यात घेऊ ना ताई?” तिने विचारलं.

“पाण्यात घे. आणि त्यानंतर मेसमध्ये जाऊन पोटभर जेव.”