बोगिस्लाव चौदावा

सोलापूरच्या पूर्वभागातील आमच्या घरात आजोबांचे नाव नरसय्या, वडिलांचे नरसिंह आणि धाकट्या भावाचे राहुल. तीन पिढ्यांत घरातली तेलुगू कशी मागे पडत गेली, ते या नावांवरूनच कळते. म्हणूनच बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील मध्ययुगीन स्लाव राजघराण्यांविषयी वाचताना माझे लक्ष सनावळ्यांपेक्षा नावांकडे अधिक गेले असावे.

ओबोड्राइट या स्लाव जमातीचा राजा निक्लोट ११६० मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याच्या सैन्याशी लढताना मारला गेला. मुलगा प्रिबिस्लाव पुढेही झुंजत राहिला, पण अखेर ११६७ मध्ये त्याने हेन्रीचे मांडलिकत्व पत्करले आणि गेलेल्या मुलखाचा मोठा भाग परत मिळवला. प्रिबिस्लावच्या मुलाचे नाव हाइनरिश बोरविन, म्हणजे अर्धे जर्मन, अर्धे स्लाव, आणि त्याची पत्नी याच हेन्रीची अनौरस मुलगी! ज्याच्या सैन्याने आजोबांचा जीव घेतला, त्याचाच जावई नातवाने व्हावे, हे मला अजूनही पचत नाही. मात्र ओबोड्राइटांच्या मुलखात, म्हणजे मेक्लेनबुर्गमध्ये, या वंशाची सत्ता १९१८ पर्यंत टिकली.

र्‍युगेन बेटावर ११६८ मध्ये डेन लोकांनी आर्कोना येथील स्वांतेवित या स्लाव देवाचे मंदिर पाडले, तिथल्या राजांनी ख्रिस्ती धर्म आणि डेन्मार्कचे अधिपत्य स्वीकारले, आणि १३२५ मध्ये तो वंश खुंटला.

मला खरे कोडे वाटते ते पोमेरेनियाच्या ग्रिफिन घराण्याचे. बाम्बेर्गचा बिशप ओटो याने ११२४ आणि ११२८ मध्ये केलेल्या दौऱ्यांनंतर तिथे ख्रिस्ती धर्म रुजला; पुढे मठ, व्यापारी आणि स्थलांतरित शेतकरी यांच्याबरोबर जर्मन भाषा दरबारापर्यंत पोहोचली. तरीही जर्मन बोलणारे हे ड्यूक मुलांना बोगिस्लाव हे स्लाव नाव देतच राहिले. त्यातील ‘बोग’ म्हणजे देव आणि ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. भाषा गेली, तरी नाव मात्र त्यांनी पाच शतके सोडले नाही. अखेरचा ड्यूक बोगिस्लाव चौदावा १६३७ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, निपुत्रिक वारला. त्याच्या वारशावर स्वीडन आणि ब्रांडेनबुर्ग असा दोघांनीही हक्क सांगितला, आणि तो वाद मिटेपर्यंत त्याचे दफन रखडून थेट १६५४ मध्ये झाले.