तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड कुठलं घेऊ?

"ताई, साठ-सत्तर हजारांत लॅपटॉप बसवायचाय. डिझाइनपण करायचंय, गेमपण खेळायचेत. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" निकाल लागले की दरवर्षी हेच. मी एका शब्दात कार्डाचं नाव सांगत नाही, म्हणून भाचा म्हणतो, मावशी टाळते. टाळत नाही रे. ऐक.

२०२१ मध्ये मीही फक्त नावच विचारलं होतं. आरटीएक्स ३०५०, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं आणि गेम पळवणारं एक कार्ड, त्याची स्वतःची मेमरी चार जीबी. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की याच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालतं आणि दुसऱ्यात ८० वॉटवर. लॅपटॉप बनवणारा त्याला जेवढी वीज देतो आणि जेवढी उष्णता बाहेर काढू शकतो, तेवढंच ते पळतं. माझं खालच्या टोकाचं निघालं. त्यात आठ जीबी रॅमची एकच पट्टी. दुसरी टाकल्यावर गेममधले झटके बरेच कमी झाले. (हो, मी गेम खेळते. रात्री काम संपल्यावर, स्वतःच्या पैशाच्या मशीनवर. त्याचं स्पष्टीकरण मी आता देत नाही.)

पण माझं खरं नुकसान कार्डानं केलंच नाही.

मार्केट यार्डातल्या एका अडत्याकाकांना स्वतःच्या नावानं हळद विकायची होती. पाव किलोचा पुठ्ठ्याचा बॉक्स, नग तीन हजार, डिझाइन माझं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे बॉक्सवर 'सांगली' ठळक हवं आणि रंग अगदी राजापुरी हळदीचा हवा. माझ्या स्क्रीनवर पिवळा फिकटच दिसे. मी मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी शाई, वाढवत गेले. वीस टक्के, तीस, शेवटी चाळीस. मग कुठे स्क्रीनवर हळद दिसली.

छापून आलेला बॉक्स काकांनी टेबलावर ठेवला, पिशवीतली चिमूटभर हळद तळहातावर घेतली आणि हात त्याच्या शेजारी धरला. बॉक्स भगवा होता. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, हे बघून लोक म्हणतील, हळदीत रंग मिसळलाय." ज्या माणसाची सगळी पत मालाच्या शुद्धपणावर, त्याच्या बॉक्सवर मी भेसळीचा संशय छापून दिला होता. पुन्हा छापायचा खर्च मी भरला. काकांनी नंतरचं काम दुसरीकडे दिलं.

घरी येऊन लॅपटॉपची माहिती नीट वाचली. स्क्रीन '४५ टक्के एनटीएससी'. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते याची मापं; म्हणजे नेहमीच्या एसआरजीबीतले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग. माझं रोजचं काम कोरल आणि फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं. ते मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं, महागडं कार्ड बहुतेक वेळ नुसतं बसून असतं.

छापण्याआधी प्रूफ, म्हणजे एक नमुना छापून, काढलं असतं तर हे टळलं असतं, हे मला कळतं. मी काढलं नाही, घाई होती. तो दोष स्क्रीनच्या माथी मारता येत नाही.

आणि तेव्हाची मी अजूनही वाद घालते: कार्ड बोर्डावरच बसवलेलं असतं, नंतर बदलता येत नाही, मॉनिटर कधीही बाहेरून जोडता येतो. मग आधी कार्डच घ्यायला नको का? मुद्दा खोटा नाही. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी करायला लागले तेव्हा चार जीबी खरंच अपुरे पडले, सहा जीबीचं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण तो 'नंतर'चा मॉनिटर घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी प्रत्येक रंग भीत भीत निवडला.

म्हणून नाव सांगण्याआधी मी उलट विचारते: छपाईचं काम करणार की थ्रीडी? कार्ड किती वॉटचं, ते विचारलंस का? स्क्रीनवर शंभर टक्के एसआरजीबी लिहिलंय का? भाच्यानं काल तीन मॉडेल पाठवलीत. दोनांत स्क्रीनबद्दल एक अक्षर नाही, तिसऱ्यात स्क्रीन चांगली, पण कार्ड आरटीएक्स २०५०, ३०५०च्या खालचं. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो बॉक्स मात्र त्याला दाखवायला काढून ठेवलाय.