तिसऱ्या घंटेच्या आधी

नाटकात काम केले की मूल धीट होते, असे पालकसभेत सगळेच म्हणतात. कशाने होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही, आणि म्हणून शाळेतली कितीतरी नाटके मुलांच्या दृष्टीने वाया जातात. पंधरा दिवसांत संवाद घोकून घ्यायचे, भाड्याचे कपडे चढवायचे, मग टाळ्या, बक्षीस, फोटो. आणि अबोल मूल अबोलच राहते. आपल्या शाळेच्या रंगमंचावर वावरलेला आणि पुढे हौशी नाटकांच्या तालमींत रमलेला माजी विद्यार्थी म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत लिहावेसे वाटते ते तालमीविषयी. मुलात जो बदल व्हायचा तो तिसऱ्या घंटेच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांत होतो. प्रयोगाच्या रात्री तो फक्त लोकांना दिसतो.

गोव्यात हे काम खरे तर सोपे असायला हवे. इथे नाटक गावाचे असते. पावसाळा सरून जत्रा सुरू झाल्या की देवळांच्या प्रांगणात, मांडावर म्हणजे गावाच्या सामाईक मोकळ्या जागेत, गावचीच माणसे तोंडाला रंग लावतात. दिवसा दुकान चालवणारा रात्री राजा होतो आणि मुले ते पुढे मांडी घालून पाहतात. पेडण्याकडे दशावतार, सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य, शेजारच्या ख्रिस्ती वाड्यावर तियात्र हे कोंकणी नाटक. मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या मास्टर दीनानाथांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पण त्याआधी किर्लोस्कर मंडळीत त्यांच्या भूमिका करून झाल्या होत्या. गळा दैवी होता हे खरेच, तरी एवढ्या वयात मंडळी उभी करण्याची हिंमत रोजच्या तालमींनीच दिली असणार, असे मला मनापासून वाटते.

आणि शाळेत मात्र नाटक ठरले की दर वर्षी तीच चार-पाच मुले निवडली जातात: वक्तृत्वात पहिली येणारी, खडाखडा वाचणारी. निवड वाचनावर केली की हेच होणार. वाचन चांगले असणे आणि समोरच्याचे ऐकून उत्तर देता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडीचे पहिले तीन दिवस संहिता कपाटात ठेवावी. मुलांना गोल उभे करून एकाने टाळी द्यायची, दुसऱ्याने नजर मिळवून ती घ्यायची आणि पुढे पाठवायची. मग एकच वाक्य, ‘तू उशिरा आलास’, प्रत्येकाने वेगळ्या माणसाला उद्देशून म्हणायचे: धाकट्या भावाला, मास्तरांना, बंद दाराला. मग दशावतारी करतात तसे करून पाहावे. त्यांच्याकडे लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरलेले असते आणि बोलणे ऐन रंगमंचावर सुचते. मुलांना नुसती परिस्थिती द्यावी. बस चुकली आहे, एकाकडे पैसे आहेत, दुसऱ्याकडे छत्री. पाच मिनिटांत दिसते की कोण ऐकतो आणि कोण फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहतो. मागच्या बाकावरची दोन-तीन नावे इथेच हाती लागतात.

अबोल मुलाला भूमिका किती द्यावी, याचे एक माप आहे. वाक्ये चार ते सहा, पण रंगमंचावरचा वेळ मोठा आणि हातात काम: चहाचे पेले मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, जाळे विणणे. हात गुंतलेले असले की ‘हातांचे काय करू’ हा प्रश्नच उरत नाही, आणि भीतीने कापतात ते आधी हातच. त्या सहा वाक्यांतले एक तरी वाक्य असे असावे की ते आल्याशिवाय नाटक पुढे सरकणार नाही. आपल्या शब्दासाठी बाकीचे थांबलेले आहेत, हे ज्या मुलाला कधी अनुभवायला मिळाले नाही त्याला ते इथे मिळते. उलट त्याला झाड किंवा भालदार करून वीस मिनिटे नुसते उभे केले, तर दिसेनासे होण्याची सवय तेवढी पक्की होते. आणि धीट करायचे म्हणून एकदम नायक करणे हाही अघोरी उपाय आहे. एकदा मोडलेले मूल पुन्हा तालमीच्या खोलीकडे फिरकत नाही.

आता वेळापत्रक. अर्ध्या तासाच्या एकांकिकेला आठवड्यातले पाच दिवस, रोज दीड तास, असे सहा आठवडे हवेत. पहिला आठवडा नुसते बसून वाचन. प्रत्येक प्रवेशात या पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, ते मुलाने स्वतःच्या शब्दांत पेन्सिलीने समासात लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात खडूने जमिनीवर रंगमंच आखायचा. शाळेचा रंगमंच वीस फूट रुंद आणि पंधरा फूट खोल असेल, तर तेवढाच, विंगा आणि दारे दाखवून. वर्गात ऐसपैस जागेत बसवलेले नाटक खऱ्या रंगमंचावर गेले की मुले एकमेकांवर आदळतात आणि पहिल्याच प्रवेशात बिथरतात. हालचाली बसल्या की तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वह्या हातातून जातात.

बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो: आधी पाठांतर, मग उभे राहणे. त्यात काय बिघडते? बाकावर बसून घोकलेल्या संवादाला एकच चाल लागते. मग खुर्चीवरून उठणे, तांब्या उचलणे, वळणे आले की ती चाल तुटते आणि शब्द गळतात. हालचालीबरोबर पाठ झालेले वाक्य टिकते. तांब्या हाती घेतला की तांब्याचे वाक्य आपोआप ओठांवर येते.

पाठ करायचे तेही फक्त आपले नाही. प्रत्येक मुलाने आपल्या वाक्याआधीचे समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द वहीत वेगळ्या शाईने लिहून तेही पाठ करावेत. विसरण्याची भीती मुख्यतः इथे जाते, कारण मग स्वतःचे वाक्य आठवावे लागत नाही, ते कुणीतरी हातात देते. एक धोका मात्र आधीच शोधून ठेवावा. ‘मग काय झालं?’ यासारखे एकच वाक्य दोन प्रवेशांत असेल, तर मुले हमखास पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि मधली चार पाने गळतात. वाचनाच्या आठवड्यातच अशा जागा शोधून दोहोंपैकी एक वाक्य बदलून टाकावे.

आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘मोठ्याने बोल’ या एका सूचनेने जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कशाने होत नाही. मोठ्याने बोल म्हटले की मूल मान पुढे काढून गळ्यातून ओरडते. गळा आवळतो, आवाज चिरकतो आणि तिसऱ्या दिवशी बसतो. त्याऐवजी जमिनीवर उताणे झोपवून पोटावर वही ठेवावी. श्वास घेताना वही वर यावी, खांदे हलू नयेत. मग दातांतून ‘स्स्स’ करीत हवा सावकाश सोडायची. सुरुवातीला दहा सेकंदही कठीण जातात. रोज पाच मिनिटे केले तर महिन्याभरात वीसपर्यंत जाता येते. पुढची पायरी म्हणजे जोडीदाराला सभागृहाच्या शेवटच्या बाकावर बसवून त्याच्याशी बोलणे. बोलायचे त्याच्याशी, सभागृहाशी नव्हे. माइक या काळात बंद. माइकवर तालीम केलेली मुले प्रयोगात संवाद सोडून माइककडे सरकत जातात.

मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि दम नेमका तिथेच संपतो. ‘मी ते पत्र वाचलं नाही’ यातले ‘नाही’ गिळले की नाटकाचा अर्थच उलटा होतो. म्हणून दर वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारून ते उचलून बोलण्याचा सराव वेगळा घ्यावा. वर्गात तोंडी उत्तर देताना, पुढे मुलाखतीत, ‘हा खात्रीने बोलतो’ असे ऐकणाऱ्याला वाटते त्यात या सवयीचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न म्हणजे घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी. मुलाच्या मराठीला कोंकणीचा हेल येतो, स्वर नाकात जातात. त्यावर चारचौघांत हसू कधीच होऊ देऊ नये. तिथेच मूल मिटते. उपाय साधा आहे. प्रवेश समजला की वही बाजूला ठेवून तो आधी कोंकणीत करून घ्यावा, ज्याला जसे सुचेल तसे. राग, लाड, चिडवणे सगळे खरे उतरते. लगेच तोच प्रवेश लिहिलेल्या मराठीत करावा. भाव आधीच अंगात असल्याने शब्द परके वाटत नाहीत. गावरान पात्र असेल तर हेल राहू द्यावा. ऐतिहासिक किंवा पौराणिक संवाद असतील तर ते निम्म्या गतीने, अक्षरे तोडून, रोज दहा मिनिटे म्हणवून घ्यावेत.

कपडे शेवटच्या दिवशी येतात, हे शाळेच्या नाटकांचे जुने दुखणे. धोतर किंवा नऊवारी सवयीची नसेल तर मूल संपूर्ण प्रयोगभर ती धरून असते आणि संवादाकडे त्याचे लक्षच राहत नाही. चौथ्या आठवड्यापासून घरची जुनी साडी, जुने धोतर नेसून तालीम करावी आणि प्रयोगात वापरायच्याच चपला घालाव्यात. मिशीचेही तेच. आपल्या दमट हवेत वरच्या ओठावर घाम येतो आणि मिशी चिकटवायचा स्पिरिट गम सुटतो. ओठ आधी स्वच्छ पुसून कोरडा करावा, गम लावून तो चिकट होईपर्यंत थांबावे, मग मिशी बसवून ओलसर फडक्याने दाबून धरावी. मुलाच्या त्वचेला गम चालतो का, हे आठवडाभर आधी मनगटावर थोडा लावून पाहावे. सुटू पाहणारी मिशी सहा आठवड्यांची मेहनत दोन मिनिटांत घालवते, म्हणून या बारीक गोष्टींना मी आत्मविश्वासाचाच भाग समजतो.

पडद्यामागची कामे उरलेल्या मुलांना देण्यासाठी नसतात. सामानाच्या टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची आकृती काढायची, नाव लिहायचे, आणि वापर झाला की वस्तू तिथेच परत. जागा रिकामी दिसली की काय हरवले ते अंधारातही कळते. हे काम सांभाळणाऱ्या मुलीवर दहा जण अवलंबून असतात आणि ती ते जाणते. पडदा ओढणाऱ्याला शेवटचे वाक्य आणि त्यानंतरचे तीन आकडे मनात मोजायला शिकवावे. घाईने पडलेला पडदा नाटकाचा शेवट खातो. प्रॉम्प्टर तर सगळ्या तालमींना हजर असलेलाच हवा. कुठे मुद्दाम घेतलेला विराम आहे आणि कुठे खरेच अडले आहे, हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. त्याने वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यावेत. अख्खे वाक्य ऐकू आले की मूल ते संपेपर्यंत थांबते आणि प्रेक्षकांना दोन नाटके ऐकू येतात.

पाचव्या आठवड्यात मुद्दाम अडथळे आणावेत. एकाने वाक्य गाळायचे, कुणी उशिरा यायचे, दिवा घालवायचा, पेला पडू द्यायचा. नियम एकच: नाटक थांबवायचे नाही, हसायचे नाही, पात्राच्या भाषेतच सावरून घ्यायचे. पेला पडला तर त्या घरातला माणूस उचलेल तसा उचलायचा. मांडावर नाटक असेल तर हा सराव जास्तच लागतो. उघड्यावर आवाज उडून जातो, रात्री दंव पडते, समोर खाज्याच्या दुकानांची वर्दळ असते, लहान मुले रडतात. त्यासाठी निदान दोन तालमी मैदानात घ्याव्यात. शेवटच्या आठवड्यात एक तालीम फक्त दिवे आणि संगीताची आणि दोन रंगीत तालमी. दुसऱ्या रंगीत तालमीनंतर सूचना बंद. त्यानंतर सांगितलेले काहीही मुलाच्या डोक्यात गोंधळच घालते.

प्रयोगाआधी तोंड कोरडे पडणे, पोटात गोळा येणे, तळवे गार पडणे हे सगळ्यांना होते, आयुष्य रंगमंचावर काढलेल्यांनाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ‘मलाच असे का होते’ ही आणखी एक भीती वाढते. त्या वेळी श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे लांबवावे: चार आकडे आत, आठ बाहेर, पाच-सहा वेळा. साधे पाणी घोटघोट प्यावे. दूध, लाडू, बर्फाचे सरबत नको. विंगेत दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि स्वतःची वाक्ये आठवत न बसता आत चाललेला प्रवेश ऐकावा. कान आत गुंतले की छातीची धडधड आपसूक उतरते.

निकालाच्या यादीकडे पाहण्याआधी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एक तास बसावे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाविषयी एक नेमकी गोष्ट सांगायची. ‘छान केलेस’ चालणार नाही. ‘तू थांबलास म्हणून माझे वाक्य ऐकू गेले’ असे हवे. कपडे मोजून परत करणे, फ्लॅट म्हणजे देखाव्याच्या उभ्या चौकटी उतरवणे, रंगमंच झाडणे हेही त्याच मुलांनी करायचे, नायकासकट.

शाळेकडे या निमित्ताने मागणे एवढेच आहे. तालमीसाठी एक खोली सहा आठवडे ठरवून द्यावी, आणि कुणी कोणते काम केले याची एक वही ठेवावी. यंदा पडदा ओढला त्याला पुढच्या वर्षी सहा वाक्ये मिळावीत, सहा वाक्ये केलेल्याला मोठी भूमिका, आणि मोठी भूमिका केलेल्याकडे सामानाचे टेबल.