सोळा मिलिसेकंद

फेब्रुवारीतली गोष्ट. निफाड-पिंपळगावकडच्या शीतगृहांत बसणारे साठ कंट्रोलर बोर्ड त्याच दिवशी द्यायचे होते. टेम्पो संध्याकाळी सहाचा. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे ‘उद्या देतो’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये साडेनऊला फ्लॅश, म्हणजे बोर्डांवरच्या मेमरी चिप, भरायला घेतल्या. प्रत्येक बोर्डावर आठ एमबीची डब्ल्यू २५ क्यू ६४, तिच्यात स्क्रीनवरची चित्रं आणि मराठी अक्षरं. लॅपटॉपच्या यूएसबीतून डेटा एसपीआयवर, म्हणजे फ्लॅशशी बोलायच्या तारांवर, नेणारी ब्रिज चिप एफटी २३२ एच. प्रोग्राम मी लिहिलेला.

साडेअकराला जिगवरच्या, म्हणजे बोर्डाला क्लिप लावून डेटा भरायच्या जोडणीवरच्या, ताई म्हणाल्या, “सर, बाराच झाले. एकाला दहा मिनिटं लागतायत.”

उरले अठ्ठेचाळीस. म्हणजे आठ तास.

मी आधी क्लॉकच्या, म्हणजे बिट पाठवायच्या वेगाच्या, मागे लागलो. १० मेगाहर्ट्झचा ३० वर नेला, ही ब्रिज चिप त्यापुढे जात नाही. वेळेत फरक पडला नाहीच, उलट लांब वायरींमुळे पडताळणीत बाइट चुकू लागले. परत १० वर आणला आणि तेव्हा कुठे कागद घेतला. आठ एमबी म्हणजे पावणेसात कोटींच्या आसपास बिट. १० मेगाहर्ट्झला त्यांना सात सेकंद पुरतात. मग दहा मिनिटं जातात कुठे?

जिग बंद ठेवून तारांवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक अॅनालायझर लावला. ताई हातातला बोर्ड तसाच धरून बाजूला उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. त्या शांततेचं फार दडपण येत होतं.

स्क्रीनवर एक पान गेलेलं दिसलं, २५६ बाइटचं. मग माझ्या प्रोग्रामने ठरवलेली दोन मिलिसेकंदांची विश्रांती, मग ‘झालं का?’ हा प्रश्न, आणि लगेच फ्लॅशचं उत्तर: झालं. त्यापुढे सरळ रेघ. मोजली तर सोळा मिलिसेकंदांच्या आसपास. पुढच्या पानालाही तेवढीच, त्याच्या पुढच्यालाही.

उत्तर तारेवर आलेलं होतं, माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. ब्रिज चिप ते एकटं बाइट धरून बसत होती. यूएसबीचं पाकीट भरेपर्यंत किंवा तिचा लेटन्सी टायमर संपेपर्यंत ती वाट पाहते, आणि तो टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर लावलेला असतो. अशी पानं ३२,७६८. गुणाकार केला तर पावणेनऊ मिनिटं नुसती वाट पाहण्यात!

‘आहे ते आत्ताच पाठव’ असं तिला सांगणारी आज्ञा आहे, हेक्स ८७. प्रत्येक वाचनाच्या शेवटी ते एक बाइट जोडायचं. मी ते जोडलंच नव्हतं. चिपच्या कंपनीच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं, चूक सर्वस्वी माझी.

पावणेचारला ताईंनी तेराव्या बोर्डाला क्लिप लावली. आम्ही दोघंही स्क्रीनवरच्या प्रगतीच्या पट्टीकडे बघत होतो. दीड मिनिटात ती भरली, पडताळणीही बरोबर आली.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, ताई. पुढचा लावा.”

साडेपाचला शेवटचा बोर्ड खोक्यात गेला.