तू कुठल्या खाणीत होतीस?

काल जिन्यात खालचे आजोबा भेटले आणि मी उगाच आगाऊपणा करत 'ग्ल्यूक आउफ' म्हणाले, इथल्या खाणकामगारांचा नमस्कार. ते थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, अच्छा, तू कुठल्या खाणीत होतीस? हसून म्हणाले की नाही तेच आठवत नाहीये. रात्रभर तेच डोक्यात.

खरं तर इथे जर्मनीत, एसेनमध्ये हा शब्द सगळीकडे आहे, मगवर, टीशर्टवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर. आमच्याकडे कोणी राहायला आलं की त्सोलफेराइन या बंद कोळसा खाणीच्या त्या 12 नंबरच्या शाफ्टसमोर फोटो ठरलेला, थंडीत कोक भट्ट्यांच्या बाजूला स्केटिंग, मग कॉफी. मला ती जागा म्हणजे रविवार. आजोबांना ती नोकरी होती, 23 डिसेंबर 1986 ला, नाताळच्या तोंडावर बंद झाली. 2018 ला जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, बॉट्रॉपची, गेली, राष्ट्राध्यक्षांच्या हातात शेवटचा कोळसा दिला, तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला होता म्हणे. आणि मी जाता जाता त्यांचा शब्द उचलून त्यांनाच परत दिला.

सहा वर्षं झाली इथे. भाषा आली, टॅक्स भरते, कचरा चार रंगांच्या डब्यांत टाकते आणि तरी एका प्रश्नात पाहुणी. कुठल्या खाणीत होतीस.

तिसऱ्या मजल्यावर किल्ली लावताना उत्तर सुचलं. लालपेठ कॉलरी, चंद्रपूर. मी नाही, बाबा. सेकंड शिफ्टहून आले की आधी मोरीत जायचे आणि आम्हाला हाक... जाऊ दे. वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या म्हणून आई वैतागायची. इथल्या बायकाही तशाच वैतागायच्या म्हणे, 1961 ला विली ब्रांट, पुढे चान्सलर झालेला, भाषणात म्हणाला होता की रूरवरचं, म्हणजे या कोळशाच्या पट्ट्यावरचं, आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे. झालं की. मी पांढऱ्या चादरी बिनधास्त बाल्कनीत घालते.

पण हे त्यांना सांगायला खाली जायचं कसं? सहा वर्षांनी दार वाजवून, अहो, माझे वडील पण? आणि मी स्वतः कुठे उतरलेय कधी. बाबांनी उतरू दिलं नसतं.

स्वयंपाकघरात लिंबू सांडलं की अजून फ्रिजकडेच घरंगळत जातं. घरमालकीण म्हणते जुनं घर आहे. इथे उत्तरेला खाणींमुळे जमीन कुठेकुठे 20 मीटर खचलीये, पाणी साचून तळं होऊ नये म्हणून पंप चालू ठेवायचे, आणि ते कायमचे, खाणी बंद झाल्या तरी. त्याला जर्मनमध्ये शब्दच आहे, अनंतकाळचं काम. हे लोक इतक्या मोठ्या गोष्टीचंही खातं उघडतात.

आज सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी पुन्हा आजोबा. या वेळी तेच आधी म्हणाले, 'ग्ल्यूक आउफ', आणि डबा धरून उभे राहिले. लालपेठ ओठांवर होतं.

मी सकाळचं नेहमीचंच म्हणाले, 'मॉर्गेन'.